हरकत असेल त्यांनी उभं राहावं

कटिंग मास्तर आठवड्याचे सहा दिवस उभे असत. कापायचं टेबल बारा मीटर लांब. त्यावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक अंथरलेले. सगळ्यांत वर आखणीचा कागद, कागदावर शर्टाचे भाग: पाठ, पुढा, बाही, कॉलर. मास्तर पात्याची मशीन दोन्ही हातांनी धरायचे आणि रेघेवरून न्यायचे. रेघ दोऱ्याइतकी चुकली तरी सत्तर शर्ट वाया जायचे. एकतीस वर्षांत त्यांची रेघ दोनदा चुकली होती. दोन्ही तारखा त्यांना पाठ होत्या.

गुडघ्यांमागच्या शिरा गाठींसारख्या फुगल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, उभ्याचं काम सोडा. मास्तर म्हणाले, बसून कापड कापता येत नाही.

सातव्या दिवशी ते बसत.

टायरच्या दुकानावर एक हॉल होता. लोखंडी जिन्याने वर जायचं. तिथे त्यांची ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला भरायची. सत्तर-ऐंशी माणसं आणि हात असलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ही मंडळी ज्यांनी सुरू केली ते सगळे कारखान्यात उभ्याने राबणारे होते. रविवारी तरी पायांना सुटी द्या, असं त्यांच्यातल्या कुणीतरी म्हटलं असणार. तेव्हापासून इथे गीतं बसून गात. प्रार्थना बसून. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची साक्षही बसूनच. दुसऱ्या मंडळ्यांमधले लोक यावर हसत. इथल्यांना त्याचा अभिमान होता. आमच्यात उभं राहायचं ते एकाच कामासाठी, असं ते सांगत. ठराव वाचून झाला की मंडळीचे धर्मगुरू, पाळक, म्हणायचे, ‘हरकत असेल त्यांनी उभं राहावं.’

साठ वर्षांत असं कुणी उभं राहिल्याचं फारसं आठवत नव्हतं. एक म्हातारे एकदा राहिले होते, पंख्यांच्या खरेदीवरून.

मास्तरांना एकच मुलगी. ती पाच वर्षांची असताना बायको गेली. पुढचं वर्षभर मंडळीतल्या बाया पाळीपाळीने दोन्ही वेळचा डबा आणून देत होत्या. एक बाई रोज सकाळी येऊन पोरीच्या वेण्या घाली. दुसरी शाळेत सोडी. शाळा सुटली की पोर कटिंगच्या खोलीत यायची, लोहचुंबक घेऊन टेबलाखाली शिरायची आणि टाचण्या गोळा करायची. मास्तर तिला टाचणीच म्हणत.

तेविसाव्या वर्षी टाचणी एका मुलाबरोबर राहायला गेली. लग्न नाही. मुलगा कुठल्याच देवाला न मानणारा. पाळक दोनदा तिला समजावून आले. तिसऱ्यांदा तिलाच हॉलमध्ये बोलावलं. ती आली. हे लोक रागावतील, रडतील, पण शेवटी आपलेच आहेत, असं तिला वाटलं असावं. नाहीतर ती आली नसती.

पाळकांनी ठराव वाचला. तिचं नाव सभासदांच्या यादीतून काढण्यात येत आहे. ती वळून परत येईपर्यंत मंडळीतल्या कुणी तिच्याशी येणंजाणं ठेवू नये. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मागच्या ओळीतल्यांनी शेजाऱ्यांना पुन्हा विचारून घेतलं. मग ते म्हणाले, ‘हरकत असेल त्यांनी उभं राहावं.’

टाचणी समोर उभी होती. वेण्या घालणाऱ्या बाईकडे तिने बघितलं नाही. डबे आणणाऱ्यांकडे बघितलं नाही. ती तिसऱ्या ओळीतल्या कडेच्या खुर्चीकडे बघत होती.

मास्तरांनी खुर्चीचे हात धरले. पाय मागे घेतले. अंगाचा भार पुढे आणला. उठायला जे जे लागतं ते सगळं त्यांनी केलं. फक्त उठले नाहीत.

‘ठराव मंजूर,’ पाळक म्हणाले. ‘आपण गाऊ या.’

मंडळी बसून गायली. मास्तरही गायले. टाचणी दारातून बाहेर पडली तेव्हा ते दुसऱ्या कडव्यावर होते.

पुढे ते स्वतःशी म्हणायचे, मी हो म्हटलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं. एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी चार वर्षं काढली.

यंदा पाळकांच्या लक्षात आलं की हॉलमध्ये काळे केस कमी दिसतात. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक सभासदाला एक कागद. मंडळीबाहेरच्या तीन तरुणांना, तिशीच्या आतल्या, एकच प्रश्न विचारायचा: ख्रिस्ती माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? डाव्या रकान्यात त्यांचं उत्तर. उजव्या रकान्यात ‘आपण यावर काय म्हणावं’. तो रकाना सभासदाने भरायचा. खाली बारीक अक्षरांत मदत दिली होती. वाद घालू नये. चेहरा हसरा ठेवावा. ऐकून घ्यावं. कार्यक्रमाला बोलवावं. दोन आठवड्यांनी, रविवारी, सगळ्यांनी आपापली उत्तरं वाचून दाखवायची होती.

सोमवारी जेवणाच्या सुटीत मास्तरांनी कागद काढला.

कटिंगच्या खोलीत तरुण तिघंच. कापडाचे थर अंथरणारा एक उंच मुलगा होता, त्याला सगळे उंट म्हणत. कापलेले भाग मोजून गठ्ठे बांधणारी मुलगी मोजणीवाली. तिसरीला कवयित्री म्हणत, कारण तिने साहित्यात पदवी घेतली होती. कविता तिने आयुष्यात एकही केली नव्हती. ती गठ्ठ्यांना लावायच्या चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात ‘डावी बाही, साईज चाळीस’ असं लिहायची.

‘म्हणजे मास्तर,’ उंट म्हणाला, ‘आम्ही तुम्हाला काय समजतो ते तुम्हीच आम्हाला विचारणार. वर लिहून घेणार.’

‘खरं लिही. राग नाही.’

‘राग नाही हे आम्हाला माहीतच आहे. म्हणून तर मजा येते.’ त्याने कागद मांडीवर घेतला आणि मोठ्याने बोलत लिहिलं. ‘कात्री हरवली की प्रार्थना. कात्री सापडली की साक्ष. ज्याने शोधून दिली त्याला काही नाही.’

मोजणीवाली खो-खो हसली. मास्तरही हसले. कात्री तीनदा उंटानेच शोधून दिली होती.

मोजणीवालीने कागद घेतला, पेन टेकवलं आणि तशीच थांबली. मग लिहायचं सोडून बोलू लागली.

‘माझे वडील हॉस्पिटलात होते ना, तेव्हाचं आहे. व्हरांड्यात एक बाई आली. माझ्या शेजारी बसली. माझा हात धरला. तीन दिवसांत कुणी पहिल्यांदा हात धरला होता, मास्तर. मी रडायलाच लागले. तिने पर्समध्ये हात घातला. मला वाटलं रुमाल काढतेय. पत्रक होतं.’

‘तिचा हेतू वाईट नसेल,’ मास्तर म्हणाले.

‘नसेलच. तेच तर.’ तिने एका ओळीत लिहिलं, ‘रुमाल समजून हात पुढे करावा तर पत्रक’, आणि कागद परत दिला. ‘आता याच्यापुढे काय लिहिणार?’

मास्तरांनी खालची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. ‘ऐकून घ्यावं, असं दिलंय.’

‘ऐकलंत?’

‘ऐकलं.’

‘मग झालं. चला, मला बाह्या मोजायच्यात.’

कवयित्रीने कागदाला हात लावला नाही. ‘मी तुमच्या शेजारी बसून रोज जेवते,’ ती म्हणाली. ‘मी काय लिहू?’

‘मग तिसरं उत्तर कुणाचं?’

‘तुमच्या पोरीला विचारा की,’ उंट म्हणाला. ‘तिशीच्या आतलीच आहे. आणि मंडळीबाहेरची म्हणाल तर तिच्याएवढी बाहेरची कुणी मिळायची नाही. तुम्हीच काढलीत.’

‘उंटा, गप,’ कवयित्री म्हणाली.

‘का? सगळे मूग गिळून बसले होते, हे यांनीच सांगितलंय. यांनीही गिळले.’

मास्तरांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि मशीन चालू केली. सुटी संपायला दहा मिनिटं होती.

सुटताना कवयित्री फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर आली. ती आणि टाचणी एकाच कॉलेजात होत्या. टाचणी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला असते हे तिला माहीत होतं. तिचा स्वतःचा चष्मा तिथलाच होता.

‘ती चाललीय, मास्तर,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या देशात. कायमची. या गुरुवारी नाही, पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्या. बाळाची कागदपत्रं अडली होती, ती आली म्हणे.’

‘कुणाच्या बाळाची?’ मास्तरांनी विचारलं.

कवयित्री चालता चालता थांबली. ‘तिच्या,’ ती म्हणाली. ‘मुलगी आहे. सात महिन्यांची.’

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अर्धी रजा घेतली. एकतीस वर्षांत मोजून चौथी.

दुकानात टाचणी पांढरा कोट घालून काउंटरमागे होती. केस कापले होते. तिने त्यांना दारातच पाहिलं.

‘या सर,’ ती म्हणाली. ‘तपासणी की फ्रेम बघायची?’

‘टाचणी.’

‘तपासणी की फ्रेम, सर?’

दुकानात आणखी दोन ग्राहक होते. ‘तपासणी,’ मास्तर म्हणाले.

आतली खोली अंधारी होती. ‘हनुवटी इथे टेका. कपाळ पट्टीला लावा. हलू नका.’ यंत्राच्या पलीकडे तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता. चार वर्षांत ते तिच्या इतके जवळ आले नव्हते. डोळ्यांत प्रकाश मारलेला असल्यामुळे त्यांना ती दिसत नव्हती.

‘वरची ओळ वाचा.’

त्यांनी वाचली.

‘त्याखालची.’

‘दिसत नाही.’

‘अंदाजाने नको. दिसत असेल तेच सांगा.’ तिने काच बदलली. ‘आता?’

‘आता बरं.’

‘जवळचं काम बसून करता की उभ्याने?’

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारते, हे नंतर कवयित्रीने त्यांना सांगितलं. चष्म्याचा नंबर काढताना काम डोळ्यांपासून किती लांब असतं ते बघावंच लागतं. त्या वेळी मास्तरांना ते माहीत नव्हतं.

‘उभ्याने,’ ते म्हणाले.

‘नेहमी?’

‘सहा दिवस.’

तिने लिहून घेतलं. ‘आणखी काही वाचता?’

‘गीतांचं पुस्तक.’

‘ते पाठ असेल.’ तिने दिवा लावला आणि टेप काढली. ‘उभे राहा, सर. टेबलावर काम करताना राहता तसे.’ ते उभे राहिले. तिने डोळ्यांपासून खोलीतल्या टेबलापर्यंत टेप धरली. ‘सत्तर. बघा, जमतं की.’

मास्तरांनी पुन्हा खुर्ची धरली. ‘बाळाचं मला काल कळलं,’ ते म्हणाले. ‘एकदा मला तिला बघू दे. मग जा.’

‘दुकानात घरगुती बोलायला परवानगी नाही, सर.’

‘एकदाच.’

ती काच पुसत राहिली. हातांचं काय करावं ते मास्तरांना सुचेना. त्यांनी खिशात हात घातला आणि तो कागद बाहेर आला. तो तिला द्यावा असं त्यांच्या मनात नव्हतं. निदान नंतर ते तसं म्हणाले. पण कागद बाहेर आला आणि तिने तो घेतला.

तिने प्रश्न वाचला. उंटाचं उत्तर वाचून ती नाकातून हसली. मोजणीवालीचं वाचून हसली नाही. मग तिसरी ओळ रिकामी आहे हे तिला दिसलं.

‘याच्यासाठी आलात?’

‘नाही गं. डोळे दाखवायला. म्हणजे तुला...’

तिने कोटाच्या खिशातलं पेन काढलं, दोन शब्द लिहिले आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. तिने लिहिलं होतं: बसलेला माणूस.

‘हे तिथे वाचा,’ ती म्हणाली. ‘कुणी लिहिलं ते सांगून वाचा. उभं राहून. तुमची हरकत आहे असं म्हणा. त्या रविवारी अकराला मी बाळाला घेऊन दाराशी येते. बघते. मग ठरवते.’

‘येशील?’

‘मी येईन. माझं विचारू नका.’ तिने पावती फाडली. ‘ही काच बाहेरून मागवावी लागते. दोन-अडीच आठवडे. पावती सांभाळा, सर.’

ते दिवस मास्तर घरी सराव करत होते. हात असलेली एक खुर्ची घरात होती. ती भिंतीपासून पुढे ओढायची, बसायचं, हात धरायचे, उठायचं आणि म्हणायचं: माझी हरकत आहे. पहिल्या दिवशी आवाज फुटला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीने विचारलं, काही हवंय का. उजवा रकाना ते रोज उघडून बघत आणि कोराच ठेवत. शनिवारी त्यांनी त्यात एकच शब्द लिहिला: उठलो. मग पेन तसंच धरून बसले, कारण अजून उठले नव्हते.

‘तू येशील?’ त्यांनी कवयित्रीला विचारलं होतं. ‘पाहुणी म्हणून. तू तिला ओळखतेस.’ ती हो म्हणाली होती.

रविवारी हॉल भरला होता. शेवटच्या दोन ओळींत पाहुणे होते, पंधरा-वीस तरुण, हातात मोबाईल, कुणाच्या तरी आग्रहाने आलेले. कवयित्री त्यांच्यात बसली. मास्तर तिसऱ्या ओळीत, कडेला, नेहमीच्या खुर्चीवर. शर्ट इस्त्रीचा. कागद खिशात.

पाळक पुढे आले. पन्नाशीचे, देखणे, मऊ आवाजाचे. ‘आज आपल्याकडे तरुण मंडळी आहेत,’ ते म्हणाले. ‘प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट सांगितली. बसून गाणारी माणसं बाहेरच्याला झोपल्यासारखी दिसतात. तेव्हा आजपासून एक छोटासा बदल. वाचणाऱ्याने उभं राहून वाचायचं. वाचून झालं की आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि शेवटचं गीत सगळे उभे राहून गाऊ. हरकत असेल त्यांनी उभं...’ ते थांबले आणि हसले. ‘आता हेही बदलायला हवं, नाही का? हरकत असेल त्यांनी हात वर करावा.’

हॉल हसला. पाहुणेही हसले.

काय झालं ते मास्तरांना कळायला वेळ लागला. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते, सरावात असायचे तसे. कळलं तेव्हा पाळक ‘मंजूर’ म्हणून पुढे गेले होते.

वाचन सुरू झालं. एक गृहस्थ उठले. ‘चांगले शेजारी, पण पडद्याआडून बघणारे,’ त्यांनी वाचलं. टाळ्या. एक तरुण आई उठली. ‘तू कशी आहेस असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत डोळे मिटून प्रार्थना सुरू करतात.’ टाळ्या, थोडं हसू. वेण्या घालणारी बाई आता म्हातारी झाली होती. तिला उठायला दोघांनी हात दिला. ‘गरिबांना कपडे देतात,’ तिने वाचलं, ‘स्वतःला नको झालेले.’ मग आपण काय वाचलं ते तिला कळलं आणि ती गोंधळून खाली बसली. तिला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या.

उभं राहणं इतकं सोपं असल्याचं त्या हॉलला पहिल्यांदाच कळत होतं. लोक पटापट उठत होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मास्तरांचा नंबर आला. त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे जिन्याचा कठडा होता. कुणी नव्हतं. बसून राहावं, पुढच्याला वाचू द्यावं, असं त्यांना एकदा वाटलं. मग त्यांनी खुर्चीचे हात धरले, पाय मागे घेतले, भार पुढे आणला आणि ते उठले.

कात्रीचं वाचलं तेव्हा हशा झाला. रुमालाचं वाचलं तेव्हा पुढच्या ओळीतली एक बाई च्च च्च म्हणाली.

‘तिसरं,’ मास्तर म्हणाले. ‘बसलेला माणूस.’

त्यांनी कागद खाली घेतला. पुढचं त्यावर नव्हतं.

‘हे माझ्या मुलीने लिहिलंय. चार वर्षांपूर्वी या हॉलमधून तिचं नाव काढलं. त्याला माझी हरकत आहे. मी तेव्हा उठायला हवं होतं. उठलो नाही. आता उठलोय.’

 मग मागे कुठेतरी एकाने टाळी वाजवली. वाचून झालं की वाजवायची, असं सांगितलंच होतं. दुसऱ्याने वाजवली. मग सगळ्या हॉलने वाजवल्या. वेण्या घालणारी बाई डोळे पुसत वाजवत होती.

पाळक मंचावरून खाली उतरून आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘बघा,’ ते पाहुण्यांना म्हणाले, ‘आम्हीही चुकतो. आणि कबूल करतो. किती प्रांजळ साक्ष आहे ही. आणि किती नेमकं उत्तर: बसलेला माणूस. जगाला आपण असेच दिसतो. म्हणून तर आजचा हा बदल.’

‘तिचं नाव परत यादीत घ्या,’ मास्तर म्हणाले.

‘ते आपण प्रार्थनेत ठेवू. बसा, मास्तर.’

‘मी बसत नाही.’

‘फार छान,’ पाळक म्हणाले. त्यांचा हात अजून खांद्यावर होता. ‘मास्तर बसत नाहीत म्हणतात. मग आपणही का बसायचं? उभे राहू या. शेवटचं गीत.’

ऐंशी खुर्च्या एकदम सरकल्या. मास्तर उंचीने बेताचे. त्यांच्यासमोर एक रुंद पाठ आली, मागे दोन उंच मुलं आली, आणि ते दिसेनासे झाले.

त्याच वेळी कवयित्रीला काचेपलीकडे बाबागाडीचं छत दिसलं. टाचणी अकराच्या आधीच आली होती. खाली बाबागाडी घेऊन उभी होती. जिना अरुंद आणि उभा. कुणीतरी खाली येईल म्हणून तिने वाट पाहिली. कुणी आलं नाही. वरून टाळ्यांचा आवाज येत होता. मग तिने एकटीने एकेक पायरी गाडी वर ओढली.

मास्तर पाठींमधून वाट काढत बाहेर आले. कवयित्री आधीच दारात होती. टाचणी धापा टाकत काचेतून आत बघत होती.

‘सगळेच उभे आहेत,’ ती म्हणाली.

‘मी आधी उठलो. यांच्या आधी.’

‘मला नाही दिसलं.’

‘हिला विचार.’

‘उठले होते,’ कवयित्री म्हणाली. ‘तुझं वाचलं. तुझं आहे म्हणून सांगितलं. हरकत आहे म्हणाले.’

‘मग काय झालं?’

कवयित्रीने मास्तरांकडे पाहिलं.

‘टाळ्या वाजवल्या,’ मास्तर म्हणाले.

टाचणी हसली. हसू तिला आवरलं नाही. कठड्याला धरून ती हसली आणि थांबली तेव्हा तिचा चेहरा पूर्वीसारखाच होता.

‘त्या दिवशी तुम्ही एकटे दिसला असता, पप्पा,’ ती म्हणाली. ‘अख्ख्या हॉलमध्ये एकटे. तेवढंच हवं होतं. नाव त्यांनी काढलंच असतं. काढू दे. मला त्यांचं काय होतं?’

आत तिसरं कडवं सुरू झालं होतं.

मास्तर बाबागाडीकडे बघत होते. छत खाली ओढलेलं होतं, त्यावर उन्हासाठी कापड टाकलेलं. खालून फक्त एक पाय बाहेर आला होता. पिवळा मोजा.

‘झोपलीय?’

‘हो.’

‘कापड जरा बाजूला...’

‘जागी होईल.’

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. ‘जिना उतरायला धरू?’

टाचणीने खाली पायऱ्यांकडे पाहिलं. ‘धरा,’ ती म्हणाली.

त्यांनी गाडीची पुढची बाजू उचलली आणि पाठमोरे उतरू लागले. मागची बाजू तिच्याकडे. चौदा पायऱ्या. पिवळा मोजा त्यांच्या अंगठ्यावर टेकलेला होता आणि पायरीगणिक थोडा दाबला जात होता. मास्तर फार सावकाश उतरले. रेघेवरून मशीन न्यायचे तसे.

खाली आल्यावर चाकं जमिनीला लागली आणि त्यांना हात सोडावे लागले.

‘पावती आहे ना?’ टाचणीने विचारलं.

‘आहे.’

‘शुक्रवारी जा. मी नसेन.’

ती टायरच्या दुकानावरून वळून गेली. कवयित्री तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. मास्तर तोवर तिथेच उभे होते, दोन्ही अंगठे वर धरून, ओल्या रंगाला हात लागल्यासारखे.

शुक्रवारी त्यांनी चष्मा आणला. दुकानात दुसरी मुलगी होती. तिने पावती जुळवली आणि कार्ड वाचून खात्री केली: सत्तर सेंटीमीटर, काम उभ्याने, बरोबर? बरोबर, मास्तर म्हणाले. शनिवारी टेबलाशी त्यांनी तो लावला. आखणीच्या कागदावरची रेघ इतकी स्वच्छ दिसली की त्यांनी मशीन बंद करून एकदा सगळं टेबल नजरेखालून घातलं. ‘नंबर एकदम बरोबर काढलाय,’ ते म्हणाले. उंट काहीतरी बोलणार होता. त्याने पुढचा थर अंथरायला घेतला.

रविवारी ते हॉलमध्ये गेले. तिसरी ओळ, कडेची खुर्ची. पहिलं गीत सांगितलं आणि सगळे उभे राहिले. आता तीच पद्धत झाली होती. मास्तर बसून राहिले.

त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं. नवा चष्मा टेबलाच्या अंतराचा होता. मांडीवरची अक्षरं धूसर दिसत होती. ते तोंड मिटून बसले. आजूबाजूला पाठी आणि कोपर. पहिलं गीत संपलं, दुसरं सुरू झालं. सगळे उभे. मास्तर खाली. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, कुणी उठवील म्हणून.

पाळकांना वरून ते दिसले. पुढच्या गीताआधी ते थांबले आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, ‘ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून गायलं तरी चालेल. काही संकोच नको.’

‘माझी हरकत आहे,’ मास्तर म्हणाले. पण तोवर पेटी सुरू झाली होती.

वेण्या घालणारी बाई शेजारच्यांचा हात धरून ओळीच्या कडेपर्यंत आली. तिच्या हातात स्वतःच्या खुर्चीवरची उशी होती. तिने मास्तरांना थोडं पुढे व्हायला सांगितलं आणि ती उशी त्यांच्या पाठीमागे नीट बसवून दिली.